सशांच्या पिलांच्या खाद्यातील वनस्पतिज प्रथिने

पाळीव सशाची (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) पिले मातेचे दूध सोडून घन खाद्यावर येतात त्या काळात, म्हणजे साधारणपणे तिसऱ्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत, त्यांना द्यावयाच्या खाद्यातील वनस्पतिजन्य प्रथिनांचे प्रकार, त्यांचे पोषणमूल्य व त्यांतील दोष यांचा विचार या नोंदीत केला आहे. मांसासाठी केल्या जाणाऱ्या ससेपालनात एकूण खर्चापैकी सर्वांत मोठा भाग खाद्याचा असतो आणि खाद्यातील सर्वांत महाग घटक प्रथिन हा असतो. जगभर हे प्रथिन मुख्यत्वे सोयाबीनच्या पेंडीतून पुरविले जाते. ज्या देशांत सोयाबीन पिकत नाही वा पुरेसे पिकत नाही तेथे ती आयात करावी लागते. शिवाय तिच्या किंमतीतील चढउतार लहान पशुपालकास सोसत नाहीत. यामुळे स्थानिक तेलबियांच्या पेंडी, कडधान्ये, शिंबावंत (शेंगा येणारा) चारा व झाडपाला यांचा पर्यायी प्रथिनस्रोत म्हणून अभ्यास झाला आहे. तथापि सशाच्या पिलाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ किंमतीचा नाही. दूध तुटल्यानंतरच्या दोनतीन आठवड्यांत पिलांमध्ये अतिसाराने होणारी मरतूक मोठी असते आणि प्रथिनाचे प्रमाण, प्रकार व त्याच्याबरोबर येणारे इतर पदार्थ यांचा या मरतुकीशी निकटचा संबंध आहे.

पचनाची वैशिष्ट्ये : सशिणीचा गर्भावधी सु. ३१ दिवसांचा असतो. जन्मतः पिले केसरहित व आंधळी असतात आणि सु. दहाव्या दिवशी त्यांचे डोळे उघडतात. सशीण पिलांना बहुधा दिवसातून एकदाच व तेही काही मिनिटेच पाजते. मात्र तिचे दूध अतिशय कसदार असते. त्यात प्रथिन व मेद (स्निग्ध पदार्थ) प्रत्येकी सु. १२ ते १३% असून दुग्धशर्करा २ टक्क्यांहूनही कमी असते. पहिले अठरा-वीस दिवस पिले केवळ या दुधावर वाढतात. नंतर ती घन खाद्य कुरतडू लागतात. व्यापारी ससेपालनात त्यांना २८ ते ३५ दिवसांच्या दरम्यान मातेपासून वेगळे करतात. दूध पिणाऱ्या पिलाच्या जठरातील अम्लता सौम्य असते व दुधातील कॅप्रिलिक आणि कॅप्रिक या मेदाम्लांमुळे अपायकारक सूक्ष्मजंतूंना आळा बसतो. दूध तुटताच हे संरक्षण नाहीसे होते. जठरातील अम्लता पुरेशी वाढण्यास व स्वादुपिंडातील एंझाइमांचे (जीवरासायनिक विक्रियांना चालना देणाऱ्या प्रथिनांचे) स्रवण पूर्ण क्षमतेस पोहोचण्यास काही काळ जावा लागतो. हाच काळ धोक्याचा असतो.

सशाच्या आतड्यात उंडुक (लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावरील पिशवीसारखा भाग) फार मोठे असते. पूर्ण वाढ झालेल्या सशात पचनमार्गातील एकूण द्रव्यापैकी सु. ४०% द्रव्य एकट्या उंडुकात असते. बृहदांत्राच्या आरंभीच्या भागात अन्नातील जाड तंतुमय कण व बारीक कण वेगळे केले जातात. जाड कण कठीण लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात, तर बारीक कण व द्रव उंडुकात परत ढकलले जाऊन त्यांचे सूक्ष्मजंतूंकडून किण्वन (आंबण्याची क्रिया) होते. दिवसाच्या ठराविक वेळी या किण्वित द्रव्याच्या मऊ, श्लेष्म्याचे आवरण असलेल्या गोळ्या बनतात व ससा त्या गुदद्वारातून थेट तोंडात घेऊन न चावता गिळतो. ही क्रिया १८८२ मध्ये मोरो या फ्रेंच पशुवैद्याने वर्णिली. मऊ गोळ्यांच्या शुष्क द्रव्यात प्रथिन सु. २८ ते ३०% असते व कठीण लेंड्यांत ते सु. १३% असते. मऊ गोळ्यांतील बरेचसे प्रथिन सूक्ष्मजंतूंच्या शरीराचे असल्याने ते लायसीन, थ्रिओनीन इ. ॲमिनो अम्लांनी समृद्ध असते.

या क्रियेमुळे सशाला प्रथिनाच्या दर्जाची फिकीर करावी लागत नाही, अशी पूर्वी समजूत होती. ती वाढत्या पिलांच्या बाबतीत खरी नाही. मऊ गोळ्यांपासून मिळणारे प्रथिन एकूण सेवनाच्या सु. १५ ते २० टक्केच असते आणि पिले ही क्रिया चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू करतात. जलद वाढणाऱ्या पिलाला अत्यावश्यक ॲमिनो अम्ले बव्हंशी खाद्यातूनच मिळावी लागतात. रवंथ करणाऱ्या प्राण्यांप्रमाणे हलक्या प्रथिनाचे वा यूरियाचे उत्तम प्रथिनात रूपांतर करण्याची सोय सशापाशी नाही.

प्रथिनाची गरज : अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार वाढत्या सशाच्या खाद्यात प्रथिन १६%, लायसीन ०·६५%, मिथिओनीन व सिस्टीन मिळून ०·६% आणि पचनीय ऊर्जा दर किग्रॅ.स २,५०० किलोकॅलरी असावी. पुढे फ्रान्स, स्पेन व इटली येथील संशोधनाने या आकड्यांत सुधारणा झाली. लायसिनाची गरज ०·७५ ते ०·८% धरली जाऊ लागली. उलट एकूण प्रथिन १५ ते १६% ठेवणे पुरेसे, किंबहुना अधिक सुरक्षित असते, असे दिसून आले. लहान आतड्यात न पचलेले प्रथिन उंडुकात गेल्यास तेथे अमोनियाचे प्रमाण वाढते व क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या अपायकारक सूक्ष्मजंतूंच्या वाढीस वाव मिळतो. यासाठी खाद्यातील प्रथिन भरमसाट न वाढविता ते सुपाच्य असावे व कमी पडणारी ॲमिनो अम्ले शुद्ध रूपात मिसळावीत, असे धोरण स्वीकारले गेले आहे. त्यामुळे मलमूत्रावाटे वाया जाणारा नायट्रोजनही कमी होतो.

प्रथिनाइतकेच महत्त्व तंतुमय द्रव्याला आहे. सेल्युलोज व लिग्निन यांच्या जाड कणांमुळे अन्न आतड्यातून वेळेवर पुढे सरकते. ते कमी पडल्यास उंडुकातील द्रव्य साचून राहते व अतिसार होतो. स्टार्च फार झाल्यास त्याचा न पचलेला अंश उंडुकात जाऊन तेथील किण्वन बिघडते. म्हणून पिलांसाठी प्रथिनस्रोत निवडताना त्याबरोबर तंतू येतात की स्टार्च, हे पाहणे अगत्याचे असते. कोंबडीच्या खाद्यात दोष ठरणारा टरफलाचा अंश सशाच्या खाद्यात गुण ठरतो, तो याच कारणाने.

पर्यायांची निकड : यूरोपात हा विषय महत्त्वाचा होण्यास तीन घटना कारणीभूत झाल्या. १९९६-९७ मध्ये फ्रान्समध्ये सशांच्या आंत्ररोगाची एक नवी साथ उद्भवली व ती लवकरच यूरोपातील इतर देशांत पसरली. पोट फुगणे, पातळ हगवण, आतड्यात श्लेष्मा साचणे व दूध तुटलेल्या पिलांची मोठ्या प्रमाणावर मरतूक, ही तिची लक्षणे होत. २००१ च्या आरंभी गायींतील मेंदूविकाराच्या भीतीने यूरोपीय संघाने पाळीव जनावरांच्या खाद्यात मांस व हाडे यांच्या भुकटीच्या वापरावर व्यापक बंदी घातली व वनस्पतिज प्रथिनांची मागणी वाढली. १ जानेवारी २००६ पासून तेथे वाढ-उत्तेजक म्हणून प्रतिजैविके खाद्यात मिसळण्यास मनाई झाली. परिणामी औषधाने रोग दाबण्याऐवजी खाद्याच्या घटनेतूनच तो टाळण्याचे प्रयत्न होऊ लागले. दूध तुटल्यानंतर काही आठवडे पिलांना इच्छेनुसार खाऊ न देता त्यांचे खाद्य सु. २० ते २५ टक्क्यांनी कमी ठेवल्यास मरतूक घटते, असे फ्रान्समधील प्रयोगांत दिसून आले.

प्रमुख प्रथिनस्रोत : काही महत्त्वाच्या पदार्थांची सर्वसाधारण घटना कोष्टकात दिली आहे. जात, जमीन व तेल काढण्याची पद्धत यांनुसार हे आकडे कमीअधिक होतात.

कोष्टक : वनस्पतिज प्रथिनस्रोतांची घटना

| पदार्थ | प्रथिन (%) | तंतू (%) | लायसीन (प्रथिनाच्या %) | मिथिओनीन (प्रथिनाच्या %) |
|---|---|---|---|---|
| सोयाबीन पेंड | ४४–४८ | ४–७ | ६·२ | १·४ |
| सूर्यफूल पेंड (टरफलासह) | २८–३० | २४–२८ | ३·५ | २·३ |
| कॅनोला पेंड | ३४–३६ | ११–१३ | ५·५ | २·० |
| भुईमूग पेंड | ४५–५० | ६–१० | ३·४ | १·० |
| वाटाणा | २०–२४ | ५–६ | ७·२ | १·० |
| बाकला | २५–३० | ८–९ | ६·३ | ०·८ |
| पांढरे ल्युपिन | ३२–३८ | १०–१३ | ४·८ | ०·७ |
| लसूणघासाचे चूर्ण | १५–१८ | २५–३० | ४·५ | १·५ |

सोयाबीन पेंड : हिच्यातील प्रथिन सुपाच्य व लायसीनयुक्त असल्याने तिच्याशीच इतर स्रोतांची तुलना केली जाते. कच्च्या सोयाबिनात ट्रिप्सीन या पाचक एंझाइमास रोधणारे पदार्थ असतात. योग्य उष्णता दिल्याने ते निष्क्रिय होतात. उष्णता कमी पडल्यास पिलांना हगवण लागते आणि फार झाल्यास लायसीन बद्ध होऊन त्याची उपलब्धता घटते.

सूर्यफूल पेंड : सशांच्या दृष्टीने ही विशेष उपयुक्त आहे. टरफलांमुळे तीत लिग्निनयुक्त तंतू भरपूर असतात, स्टार्च जवळजवळ नसतो व प्रथिनाची पचनीयता चांगली असते. मिथिओनीन विपुल असते, परंतु लायसीन सोयाबिनाच्या जवळजवळ निम्मेच असते. त्यामुळे ती वाटाण्यासारख्या लायसीनयुक्त पदार्थाबरोबर वा शुद्ध लायसीन मिसळून देतात. अपायकारक द्रव्ये तीत नगण्य असतात. फ्रान्स व स्पेनमधील ससेखाद्यात ती मोठ्या प्रमाणावर वापरतात.

मोहरी वर्गातील पेंडी : यांतील ग्लुकोसिनोलेटांच्या विघटनाने तयार होणारे पदार्थ अवटू ग्रंथीच्या कार्यात अडथळा आणतात व खाद्याला तिखट, उग्र चव देतात. एरुसिक अम्ल व ग्लुकोसिनोलेटे ही दोन्ही कमी असलेला ‘टॉवर’ हा रेपचा पहिला वाण कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठातील बाल्डुर स्टेफान्सन यांनी १९७४ मध्ये प्रसृत केला. अशा वाणांना पुढे कॅनोला हे नाव मिळाले. कॅनोलाची पेंड पिलांच्या खाद्यात सोयाबिनाच्या बऱ्याच अंशाची जागा घेऊ शकते. भारतातील पारंपरिक मोहरीत ग्लुकोसिनोलेटे पुष्कळ असल्याने तिची पेंड अल्प प्रमाणातच द्यावी लागते.

वाटाणा व बाकला : या दोन्हींत लायसीन चांगले पण मिथिओनीन व सिस्टीन कमी असतात. वाटाण्यात स्टार्च ४५ ते ५०% असतो. त्यामुळे तो प्रथिनाबरोबर ऊर्जाही पुरवितो व धान्याचे प्रमाण तितके कमी करता येते. दूध नुकतेच तुटलेल्या पिलांना मात्र तो बेताने देतात. बाकल्याच्या रंगीत फुलांच्या वाणांत टॅनिने अधिक असून ती प्रथिनाशी संयोग पावून पचनीयता घटवितात. पांढऱ्या फुलांच्या वाणांत ती अत्यल्प असतात.

ल्युपिन : रानटी ल्युपिनाच्या बियांत ल्युपॅनीन, स्पार्टीन इ. कडू व विषारी अल्कलॉइडे असतात. जर्मनीत राइनहोल्ट फोन झेंगबुश यांनी १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मोठ्या संख्येने झाडांची रासायनिक तपासणी करून अल्कलॉइडे कमी असलेली ‘गोड’ झाडे निवडून काढली व त्यांपासून खाद्योपयोगी वाण निर्माण झाले. पांढऱ्या ल्युपिनाच्या बियांत स्टार्च जवळजवळ नसतो, तेल ८ ते १०% असते व ट्रिप्सीन रोधक पदार्थ अत्यल्प असल्याने भाजण्याची गरज पडत नाही. त्यामुळे सशांच्या पिलांसाठी ते वाटाण्यापेक्षा सुरक्षित समजतात. प्राग येथील पशुविज्ञान संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अख्ख्या पांढऱ्या ल्युपिनाचा वाढत्या सशांसाठी प्रथिनस्रोत म्हणून समाधानकारक उपयोग झाला. मिथिओनिनाची उणीव मात्र भरून काढावी लागते.

भुईमूग व सरकी पेंड : भारतात भुईमुगाची पेंड सहज मिळते व सशांना ती आवडते. परंतु तीत लायसीन कमी असते. तिचा खरा धोका बुरशीचा आहे. दमट हवेत साठविलेल्या पेंडीवर ॲस्परजिलस फ्लाव्हस ही बुरशी वाढून अफ्लाटॉक्सीन हे विष तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांच्या मोठ्या मरतुकीचा शोध घेताना दूषित भुईमूग पेंडीतून या विषाचा पत्ता लागला. ससा हा या विषाला सर्वांत संवेदनशील असलेल्या प्राण्यांपैकी एक आहे. त्याचे यकृत बिघडते, भूक मंदावते व पिले झपाट्याने दगावतात. पेंड दिसण्यात चांगली असली, तरी ती विषमुक्त असेलच असे नाही. म्हणून ती ताजी, पूर्ण सुकलेली व शक्य तर तपासलेली घेणे हाच उपाय आहे. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल हे विषारी रंगद्रव्य असते व ते लायसिनाशी बद्ध होते. गायीम्हशींना मानवणारी ही पेंड सशाच्या पिलांना टाळणे श्रेयस्कर होय.

हिरवा चारा व झाडपाला : लसूणघास हा सशाचा पारंपरिक चारा आहे. त्याचे वाळविलेले चूर्ण प्रथिन व तंतू ही दोन्ही पुरविते. त्यामुळे जगभर ससेखाद्यात त्याचे प्रमाण बहुधा इतर कोणत्याही घटकापेक्षा अधिक असते. त्यात कॅल्शियम व कॅरोटीनही विपुल असतात. बरसीम व दशरथ घास यांचाही असाच उपयोग होतो. उष्ण कटिबंधातील देशांत शेवगा, तुती व सुबाभूळ यांचा पाला उपयुक्त ठरला आहे. वाळलेल्या शेवग्याच्या पाल्यात प्रथिन सु. २५% असते. सुबाभळीच्या पाल्यातही ते २२ ते २८% असते, परंतु त्यातील मिमोसीन या विषारी ॲमिनो अम्लामुळे सशांचे केस गळतात व वाढ खुंटते. रवंथ करणाऱ्या काही प्राण्यांच्या पोटात मिमोसिनाच्या अपघटनजन्य विषाचा नाश करणारे सूक्ष्मजंतू असतात. सशात तशी सोय नाही. कोवळ्या शेंड्यांत हे विष अधिक असते. पाला उन्हात वाळविल्याने वा त्यात फेरस सल्फेट मिसळल्याने अपाय कमी होतो. तरीही पिलांना सुबाभूळ थोड्या प्रमाणातच व इतर चाऱ्याबरोबर द्यावी. कोणताही कोवळा हिरवा चारा ओला न देता कोमेजवून देणे चांगले. त्यात पाणी फार असल्याने पिलाचे पोट भरते, पण प्रथिन पुरेसे मिळत नाही.

खाद्याची जुळणी : एकाच पर्यायी स्रोतावर विसंबण्यापेक्षा परस्परपूरक असे दोन वा तीन स्रोत एकत्र करणे हितावह असते. सूर्यफुलातील मिथिओनीन व वाटाण्यातील लायसीन, किंवा ल्युपिनाचे प्रथिन व लसूणघासाचे तंतू, ही अशा जोड्यांची उदाहरणे होत. सोयाबीन न वापरता केलेल्या एका खाद्याचा हिशोब पुढीलप्रमाणे मांडता येईल : लसूणघासाचे चूर्ण (१६% प्रथिन) ३५ भाग, गव्हाचा कोंडा (१५%) २५ भाग, जव (१०%) १९ भाग, टरफलासह सूर्यफूल पेंड (३०%) १० भाग, भुईमूग पेंड (४५%) ५ भाग, काकवी (मळी) ३ भाग आणि खनिजे, मीठ व जीवनसत्त्वे ३ भाग. यातून प्रथिन अनुक्रमे ५·६, ३·७५, १·९, ३ व २·२५ भाग, म्हणजे एकूण १६·५% मिळते. तंतूही सु. १६% येतात. प्रथिनाचा आकडा पाहता हे खाद्य पुरेसे वाटते, परंतु त्यात लायसीन केवळ सु. ०·६५% भरते. हे प्रमाण १९७७ च्या शिफारशीस उतरते, पण जलद वाढणाऱ्या पिलास आज आवश्यक मानलेल्या ०·७५ टक्क्यांस कमी पडते. ही तूट क्विंटलमागे सु. १५० ग्रॅ. लायसीन हायड्रोक्लोराइड मिसळून भरून निघते. भुईमूग पेंड वाढविल्याने एकूण प्रथिन वाढले, तरी लायसिनाची उणीव त्या मानाने भरून येत नाही व उंडुकात जाणारे न पचलेले प्रथिन मात्र वाढते.

घटक दळून, मिसळून त्यांच्या ३ ते ४ मिमी. व्यासाच्या कांड्या बनवितात. पीठ नाकात गेल्याने पिलांना शिंका येतात व ती खाद्य निवडून खातात, हे दोन्ही दोष कांड्यांमुळे टळतात. मात्र घटक फार बारीक दळल्यास जाड तंतूंचा उपयोग कमी होतो. कोणताही नवा प्रथिनस्रोत एकदम न देता सात ते दहा दिवसांत जुन्या खाद्यात वाढत्या प्रमाणात मिसळावा, म्हणजे उंडुकातील सूक्ष्मजंतूंना त्याच्याशी जुळवून घेता येते. मातेपासून वेगळे करण्याआधीच पिलांना नंतरच्या खाद्याची सवय लावल्यास तुटीच्या वेळचा धक्का सौम्य होतो.

भारतातील स्थिती : भारतात सशांविषयीचे संशोधन प्रामुख्याने अविकानगर (राजस्थान) येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आणि तिची गारसा (हिमाचल प्रदेश) व मन्नवनूर (तमिळनाडू) येथील केंद्रे यांतून झाले आहे. येथील अंगोरा ससे लोकरीसाठी, तर न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला इ. जाती मांसासाठी पाळल्या जातात. महाराष्ट्र हे सोयाबिनाच्या उत्पादनातील आघाडीच्या राज्यांपैकी एक आहे. विदर्भ व मराठवाडा हे त्याचे मुख्य प्रदेश असल्याने तेथे सोयाबीन पेंडीचा तुटवडा हा प्रश्न नसून तिची किंमत हा प्रश्न आहे. लसूणघास, दशरथ घास, शेवगा, तुरीची चुणी व सूर्यफूल पेंड हे स्थानिक पदार्थ योग्य प्रमाणात वापरल्यास सोयाबिनाचा वापर बराच कमी करता येतो. लहान पशुपालकाच्या बाबतीत एखादे महाग प्रथिन मिळविण्यापेक्षा पुरेसा तंतुमय चारा, बुरशीरहित पेंड आणि खाद्यातील बदल सावकाश करण्याची शिस्त, या तीन गोष्टींनी पिलांची मरतूक अधिक खात्रीने आटोक्यात राहते.